चतुराबाईचे तांदूळ

कुंभार पिंपळगावात काही चोरीला गेलं की लोक ठाण्याकडे वळत नसत, थेट चतुराबाईच्या दाराशी येत. निजामाच्या अमदानीत पोलीस म्हणजे काय चीज असते हे ज्यांनी पाठीवर सोसलं होतं, त्यांना चतुराबाईचे तांदूळ फार सोयीचे वाटायचे. तांदूळ पट्ट्यानं मारत नाहीत, कोंबडी मागत नाहीत, तालुक्याला हेलपाटे घालायला लावत नाहीत. मूठभर चावायचे आणि थुंकायचे, की झाला निकाल.

चतुराबाई बुटकी होती, अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. नवरा गेल्यावर बाजारात मडकी विकून तिनं दोन पोरी उजवल्या होत्या, आणि गिऱ्हाइकानं मडकं वाजवायला जरा जास्त वेळ घेतला तर "काय लगीन लावायचं हाय का त्याच्याशी?" असं विचारायला ती कमी करायची नाही. तांदूळ द्यायचा मान तिला सासूकडून आला होता. त्याचा तिनं कधी छदाम घेतला नाही. लोकांनी आपल्यावर भरवसा टाकावा एवढीच तिची हौस होती, आणि ती हौस गावानं पुरेपूर भागवली.

रिवाज साधा होता. मंगळवारी अंगण सारवायचं, तांदूळ देवीपुढे ठेवून त्यांना कुंकू लावायचं, ज्यांच्यावर संशय त्यांना ओळीनं बसवायचं. प्रत्येकाला एक मूठ. चतुराबाई डोळे मिटून देवीचं नाव घेत राहायची, ती थांबली की सगळ्यांनी पळसाच्या पानावर थुंकायचं. ज्याचे तांदूळ ओले, तो सुटला. ज्याच्या तोंडातून कोरडं पीठ पडलं, तो चोर. पुष्कळदा तो चोर तिथंच हंबरडा फोडायचा आणि चोरलेली वस्तू संध्याकाळी उकिरड्यात सापडायची. कधी सापडायची नाही, तेव्हा लोक म्हणायचे, विकून मोकळा झाला असणार लेकाचा. तांदूळ चुकले असतील असं कोणाच्या मनात येत नसे. चतुराबाईच्या तर नाहीच नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या एका पौषात गावच्या देवीचे चांदीचे डोळे गेले. सकाळी पुजाऱ्यानं गाभाऱ्याचं दार उघडलं तर देवीच्या मुखवट्यावर नुसत्या दोन खोबणी. बातमी ऐकून बायका रडायलाच लागल्या. आंधळी देवी गावात ठेवून झोप कुणाला लागणार? पोलीस पाटील पुंजाराम मिशीला पीळ देत चतुराबाईकडे आले आणि म्हणाले, "चतुराबाई, आता तुमीच बघा. गावाचं तोंड काळं झालं."

त्या मंगळवारी ओळीत पुजारी होता, त्याचा भाऊ होता, देवळाच्या ओट्यावर पत्ते कुटणारे दोन-तीन रिकामटेकडे होते. सगळ्यांचे तांदूळ ओले निघाले. मग कुणीतरी म्हणालं, देऊळ झाडायला गोदाचं पोरगं येतं की. गोदा म्हणजे नवऱ्यानं टाकलेली, दुसऱ्याच्या रानात निंदण-खुरपण करून पोट भरणारी बाई. तिचा एकुलता मच्छिंद्र खोबऱ्याच्या तुकड्यासाठी रोज देऊळ झाडायचा. पाटलांच्या माणसानं त्याला शेळ्यांमागून उचलून आणला. पोर उन्हातून धावत आलेलं, पाय धुळीनं माखलेले, डोळे भिरभिरते. चतुराबाईनं त्याच्या मुठीत तांदूळ ठेवले. सारं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

पानावर पडलं ते कोरडं पीठ होतं.

"घेतले का रं तू?" पाटलांनी विचारलं.

मच्छिंद्र पानाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "व्हय."

"कुठं ठिवले?"

त्यावर मात्र तो काही बोलेना. पाटलांनी हात उगारला तेव्हा चतुराबाईच आडवी आली. "लेकराला हात लावायचा न्हाई. तांदळानं सांगितलं, त्यानं कबूल केलं, बस झालं." पण डोळे काही मिळाले नाहीत, देवळाचे कारभारी ऐकेनात, आणि पाटलांनी शेवटी वर्दी दिली. जमादार आला आणि पोराला घेऊन गेला. गोदा रस्त्यापर्यंत ओरडत मागे धावली. चतुराबाईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण चोरी ती चोरी, असं म्हणून ती पुन्हा माती तुडवायला लागली.

अंबडच्या कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा ती लुगडं नेसून तयार झाली. साक्षीला जायचं होतं, आणि साक्ष म्हणजे तिच्या लेखी तांदळाची साक्ष. पदराच्या गाठीत तिनं मूठभर तांदूळ बांधून घेतले, कारण साहेबाला दाखवावे लागतील असं तिला वाटलं. एस.टी.त पाटील तिच्या शेजारी बसले, मागच्या बाकावर गोदा तोंडाला पदर लावून. वाटेत पाटील म्हणाले, "भेऊ नका, बिलकुल. जे झालं ते बराबर सांगायचं." चतुराबाई म्हणाली, "मी कामून भिऊ? म्या काय चोरलंय का?"

पहिला धक्का तिला कचेरीच्या दारातच बसला. जमादारानं मच्छिंद्रच्या कमरेला दोर बांधून आणला होता. मुन्सफ दीनानाथराव, नव्या उमेदीचा, चष्मेवाला माणूस, त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "दोर काढा," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर." जमादारानं दोर सोडला. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण मुन्सफांनी पुकारा करू दिला नाही. लेकराचं नाव सगळ्या बाजारात ओरडायचं नाही, त्याचा खटला भर कचेरीत चालवायचा नाही, लेकरांसाठी कायदाच वेगळा आहे, असं म्हणून सगळ्यांना ते नाझराच्या, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाच्या, खोलीत घेऊन गेले. तिथं सतरंजी अंथरली होती. मुन्सफ खुर्ची सोडून सतरंजीवर बसले आणि गोदाला पोराजवळ बसायला सांगितलं. देवीचे डोळे चोरणाऱ्याला मांडीला मांडी लावून बसवतात, हे कसलं कोर्ट? चतुराबाईला काही उमजेना.

"याच्या बाजूनं कोण बोलणार?" मुन्सफांनी विचारलं.

कुणीच नव्हतं. तेव्हा त्यांनी व्हरांड्यात पान खात उभ्या असलेल्या याकूब वकिलांना बोलावून घेतलं. वकील उर्दूत कायदा शिकलेले, अंगात काळा कोट, ओठ रंगलेले. आत येताना त्यांनी पान थुंकून टाकलं. "फीस?" जमादार पुटपुटला. "लेकराकडून कसली फीस, मियाँ?" वकील म्हणाले आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून बसले. चतुराबाईला वाटलं, सारे मिळून चोराचीच बाजू घेऊन राह्यले.

"पोराचं वय काय?" मुन्सफांनी गोदाला विचारलं.

"मला काय ठावं, सायेब. पोलीस ॲक्शन झाली तवा पोटात व्हता."

मुन्सफांनी अठ्ठेचाळीस सालापासून बोटांवर हिशेब केला. "म्हणजे सात तर उलटली आहेत, बारा झालेली नाहीत." मग पाटलांकडे वळून ते सावकाश, समजावून सांगत म्हणाले, "सातच्या आतलं लेकरू काही करो, तो गुन्हाच होत नाही. सात आणि बाराच्या मधलं असेल, तर आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, ते आधी सिद्ध करावं लागतं. चोरी केली एवढं म्हणून भागत नाही, पाटील."

पाटलांची मिशी जरा खाली आली. "पर सायेब, त्यानं कबूल केलंया की. साऱ्या गावाम्होरं."

"तेच ऐकायचंय मला. कबुली कशी झाली?"

इथं चतुराबाईची पाळी आली. तिनं सगळं बैजवार सांगितलं, सारवलेल्या अंगणापासून पानावर पडलेल्या पिठापर्यंत. सांगताना तिचा आवाज चढत गेला, कारण आपण खरं बोलतोय याची तिला खात्री होती. याकूब वकील मान डोलावत ऐकत होते. मग त्यांनी अगदी गोडीनं विचारलं, "मावशी, त्या दिवशी पोरानं काही खाल्लं होतं?"

"न्हाई. माय रानात गेल्ती."

"पाणी प्यालं होतं?"

"पळतच आणलं त्याला. पाणी कवा पिणार?"

"डरला होता का?"

"डरायलाच पायजे. देवीम्होरं कोण डरत न्हाई?"

"डरलं की माणसाचं तोंड कोरडं पडतं ना, मावशी?"

"चोराचंच पडतं," चतुराबाई ताडकन म्हणाली. पाटील खूश होऊन तिच्याकडे बघायला लागले.

वकील हसले नाहीत. "तुम्ही स्वतः कधी चावलेत?"

"देणारीनं चावायचे नसत्यात," ती म्हणाली. एवढं साधं कसं कळत नाही या शिकलेल्या माणसाला, असं तिला वाटलं. वकिलांनी पुढे काही विचारलं नाही. आपणच जिंकलो अशा थाटात ती भिंतीला टेकून बसली.

मग मुन्सफ मच्छिंद्रकडे वळले. ते जे बोलले ते ऐकून चतुराबाईनं कानावरचा पदर बाजूला केला, कारण आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. मुन्सफ म्हणाले, "बाळ, तू बोललंच पाहिजेस असं काही नाही. नाही बोललास तरी मी रागावणार नाही, तुला कुणी मारणार नाही. तू जे बोलशील ते मी लिहून घेईन आणि त्यावरून तुला शिक्षा होऊ शकते. म्हणून मनात असेल तरच बोल. कळलं?"

चोराला सांगायचं, बोलू नको! चतुराबाईचं डोकं भणाणलं. पाटलांनी तर कपाळाला हात लावला.

मच्छिंद्रनं आईकडे पाहिलं, मग चतुराबाईकडे पाहिलं. "बोलतो," तो म्हणाला.

"देवीचे डोळे तू घेतलेस?"

"व्हय."

गोदानं हुंदका दिला. मुन्सफांनी लेखणी खाली ठेवली. "कधी घेतलेस? सकाळी, संध्याकाळी?"

"ते ठावं न्हाई."

"कसे काढलेस? हातानं की कशानं उचकटून?"

"ठावं न्हाई."

"मग तू घेतलेस हे तुला कसं कळलं?"

पोरानं मुन्सफांकडे असं पाहिलं की हा प्रश्न त्याला फारच सोपा वाटला असावा. "तांदूळ कोरडे निघाले ना माझे. आजीचे तांदूळ लबाड बोलत न्हाईत. मंग म्याच घेतले असतील." मग आवाज खाली गेला. "तवापासून लई आठवून राह्यलो, सायेब. देवळात झाडतो तवा घेतले की शेळ्या घेऊन आल्तो तवा घेतले, कायबी आठवत न्हाई. रोज आठवून राह्यलो. कुठं ठिवले तेवढं सापडलं की नेऊन बसवतो. देवीला दिसत नसंल ना."

 मुन्सफांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. जमादार, ज्यानं पोराला दोरीनं ओढत आणलं होतं, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

 चतुराबाईला वाटलं होतं, पोर खोटं बोलेल, रडेल, पाया पडेल, फार तर साहेबाला फसवून सुटेल. यातलं सगळं तिनं आयुष्यात पाहिलेलं होतं. पण न केलेल्या चोरीचा माल हे लेकरू स्वतःच्या डोक्यात शोधत बसलं होतं, आणि ते तिच्या शब्दावर विसंबून. तिनं पाटलांकडे पाहिलं. पाटील जमिनीकडे बघत होते.

मुन्सफांनी निकाल सांगितला तेव्हा तिला निम्माच ऐकू आला. भीती घालून काढलेली कबुली कायदा कबुली धरत नाही. तांदूळ हा पुरावा नाही. दुसरा पुरावा काही नाही. मुलाला आईच्या हवाली करा. पाटलांना ते जरा कडक बोलले, पुन्हा असं घडलं तर तुमच्याकडेच बघावं लागेल. चतुराबाईला मात्र एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बाहेर एस.टी. उभी होती. गोदा पोराचा हात धरून निघाली, पण पोर हलेना. पायरीच्या बाजूला तो धुळीत बसला आणि उठायलाच तयार होईना.

"चल की रं माझ्या लेकरा," गोदा रडत म्हणाली. "सायेबानं सोडलं तुला."

"सायेबाला ठावं न्हाई, माय. मी गावात न्हाई यायचा. देवीचे डोळे न्हाईत माझ्यापशी."

कायद्याचं काम झालं होतं. मुन्सफांनी दोर सोडवला, वकिलांनी फी न घेता बाजू मांडली, आणि तरीही पोर चोरच होतं, कारण त्याला चोर ठरवणारं कोर्ट अंबडला नव्हतं. चतुराबाईला हे कळलं. ती त्याच्यासमोर धुळीत उकिडवी बसली.

"हे बघ, मच्छिंद्र. तू न्हाई घेतले. म्या सांगते ना."

"पर तांदूळ?"

"तांदळाला कायबी कळत न्हाई. थुंकीचं काम हाय ते सारं. तोंडाला पाणी असलं की वलं, न्हाई तर कोरडं."

पोरानं मान हलवली. मोठ्या माणसांनी समजूत घालायला काहीबाही सांगावं, तसं ते त्याला वाटलं असणार. "तुमीच म्हणता, आजी, तांदूळ लबाड बोलत न्हाईत. तुमी समद्यांला सांगता."

 जिच्या जिभेपुढे बाजार गप्प बसायचा ती चतुराबाई एका पोराला समजावू शकत नव्हती. तिनं पदराची गाठ सोडली. साहेबाला दाखवायला आणलेले तांदूळ तिनं तळहातावर घेतले, त्याला दाखवले आणि तोंडात टाकले. बघ, ओले पडतील, बघ, नुसती थुंकी आहे, असं तिला त्याला दाखवायचं होतं. चावताना तिनं देवीचं नाव घेतलं नाही. चावून झाल्यावर तिनं तळहातावर थुंकलं.

कोरडं पीठ पडलं.

चतुराबाई त्या पिठाकडे बघतच राहिली. आणि मग जे झालं ते तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी काय घेतलं? कधी घेतलं? नवरात्रात गाभाऱ्यात गेले होते तेव्हा? पोरीच्या लग्नाच्या ओटीला? ती खरोखर आठवायला लागली. भर दुपारी, कचेरीच्या पायरीशी, साठीची बाई देवीचे डोळे कुठं ठेवले ते आठवत बसली. अंगावर सरसरून काटा आला तेव्हा ती भानावर आली. आजवर किती जणांना असं आठवत बसवलं असेल आपण? त्यातल्या एकेकाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. वस्तू कधीच न सापडलेले, तरी गावानं कायमचे चोर म्हणून टाकलेले.

मच्छिंद्र उठून उभा राहिला होता. तो तिच्या तळहाताकडे डोळे फाडून बघत होता.

"आजी," तो म्हणाला, "तुमी घेतले व्हय?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं तिनं. भीतीनं घसा सुकतो, बाबा, म्हातारीचाही सुकतो, हे सांगायचं होतं. पण तिनं पोराचा चेहरा पाहिला. त्या मंगळवारपासून पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावरचा ताण जरासा उतरला होता, आणि तो उतरलेलाच राहील की परत येईल हे आता तिच्या एका शब्दावर होतं.

"व्हय रे बाबा," चतुराबाई म्हणाली. "म्या घेतले."

"चतुराबाई!" पाटील मागून ओरडले. "काय बोलून राह्यल्या तुमी? डोकं फिरलं का?"

तिनं पिठानं भरलेला तळहात त्यांच्यापुढे धरला. "तुमच्या डोळ्यांदेखत कोरडे निघाले न्हाईत का, पाटील? मंग. गावात जाऊन सांगा समद्यांला. तांदूळ लबाड बोलत न्हाईत."

 एस.टी.चा कंडक्टर घंटी वाजवून हाका मारत होता. मच्छिंद्रनं तो तळहात पुन्हा एकदा नीट निरखून पाहिला, चतुराबाईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आईचा पदर ओढून म्हणाला, "माय, भूक लागली."